हमालाचे कार्य शून्य, मग भूक कशाची?

नववीला 'कार्य आणि ऊर्जा' शिकवताना एक उदाहरण हटकून येते. डोक्यावर ओझे घेतलेला हमाल सपाट फलाटावरून चालत जातो. ओझ्याला तोलणारे बल वरच्या दिशेने, विस्थापन आडव्या दिशेने, दोहोंमधला कोन ९० अंशांचा. म्हणून गुरुत्वबलाविरुद्ध झालेले कार्य शून्य. मुले उत्तर वहीत उतरवून घेतात, परीक्षेत गुणही मिळवतात, पण मनातून त्यांना ते पटलेले नसते. वर्गात एखाद्या हमालाचा मुलगा बसलेला असेल तर हे उत्तर जरा क्रूरच वाटते. दिवसभर शून्य कार्य करून आलेल्या बापाला रात्री चार भाकऱ्या लागतात, त्या जातात कुठे?

हा प्रश्न 'अभ्यासक्रमाबाहेरचा' म्हणून टाळू नये. सध्या शिक्षकांच्या खोलीतही त्याचाच एक भाऊबंद फिरत असतो. मोबाईलवर पावले आणि उष्मांक मोजणारे अ‍ॅप असते. त्यात 'आज व्यायाम किती केला?' असा रकाना असतो. कोणी विचारतो, 'मी शाळेचे तीन मजले दिवसातून सहा वेळा चढतो-उतरतो, ते यात लिहायचे का?' दुसरी म्हणते, 'सकाळी नळाचे वीस हंडे भरले, तो व्यायाम नव्हे?' दवाखान्यात डॉक्टर शेतकऱ्याला विचारतात, 'व्यायाम करता का?' तो म्हणतो, 'दिवसभर शेतातच असतो की.' यात बरोबर कोणाचे?

उत्तर देण्याआधी एका शब्दाचा उलगडा करू. आहाराच्या तक्त्यातला उष्मांक किंवा बोलीतली 'कॅलरी' म्हणजे खरे तर किलोकॅलरी: एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला लागणारी उष्णता. एक किलोकॅलरी म्हणजे साधारण ४.२ किलोज्यूल. या लेखात उष्मांक हा शब्द याच अर्थाने वापरला आहे.

पदार्थविज्ञानातले कार्य आणि शरीराचा खर्च

मार्केट यार्डातले काम घेऊ. समजा, एका हमालाने ५० किलोची २०० पोती जमिनीवरून दीड मीटर उंच ट्रकमध्ये चढवली. एका पोत्यामागे कार्य ५० × ९.८ × १.५, म्हणजे ७३५ ज्यूल. दोनशे पोत्यांचे १,४७,००० ज्यूल. उष्मांकांत सांगायचे तर अवघे ३५! साधारण ७० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतून २४० च्या आसपास उष्मांक मिळतात. म्हणजे दहा टन माल चढवायला एका भाकरीचा सातवा हिस्सा पुरला असे गणित सांगते. हे उदाहरण मुलांना फळ्यावर जरूर सोडवायला लावा. आकडेमोड बिनचूक आहे, आणि तरीही उत्तरावर कोणाचा विश्वास बसत नाही. खरी चर्चा सुरू होते ती इथे.

पहिली गोष्ट, स्नायू हे फारसे काटकसरी यंत्र नाही. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी चांगल्यात चांगल्या परिस्थितीत २० ते २५ टक्केच बाहेर कार्य म्हणून दिसते. उरलेल्याची उष्णता होते आणि घामावाटे बाहेर पडते. म्हणजे ३५ चे झाले १४० किंवा त्याहून थोडे अधिक. दुसरी गोष्ट, हमाल नुसते पोते उचलत नाही, स्वतःचे शरीरही दर वेळी वाकवतो आणि उचलतो. आणि ६५ किलोचे शरीर पोत्यापेक्षा जड असते. तिसरी, पोते टाकून रिकाम्या हाताने परत यावे लागते. चालताना शरीराचा गुरुत्वमध्य दर पावलागणिक काही सेंटिमीटर वर-खाली होतो. वर जाताना केलेला खर्च खाली येताना पुरा परत मिळत नाही.

पण सगळ्यांत मजेची आहे ती चौथी गोष्ट. पोते खांद्यावर घेऊन हमाल नुसता उभा राहिला तरी दमतो. तेच पोते टेबलावर ठेवले तर टेबल दमत नाही, त्याला भाकरीही लागत नाही. फरक कशाचा? स्नायूच्या आत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांशेजारी असतात. मायोसिनची टोके अ‍ॅक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. अशा प्रत्येक फेऱ्यात एटीपीचा एक रेणू खर्ची पडतो. रस्सीखेचीत दोन्ही बाजू तुल्यबळ असल्या की दोर जागचा हलत नाही, पण हात सतत पकड बदलत असतात आणि खेळाडू घामाघूम होतात. स्नायूतही असेच चालते. विस्थापन शून्य, कार्य शून्य, पण एटीपीचा खर्च चालूच. पाठ्यपुस्तकातले उत्तर चूक नाही. ते ओझ्याबद्दल आहे, हमालाच्या शरीराबद्दल नाही. एवढे एक वाक्य शिक्षकाने जोडले की वर्गातले निम्मे कोडे सुटते.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. केनियातील लुओ आणि किकुयू स्त्रियांचा ओझे वाहताना होणारा ऊर्जेचा खर्च संशोधकांनी मोजला आणि १९८६ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. स्वतःच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंतचे ओझे त्या जवळजवळ कोणत्याही जादा खर्चाशिवाय नेत होत्या. त्यापुढे मात्र खर्च वाढत जाई. सवय, चाल आणि तोल यांनी केवढा फरक पडतो पाहा. नवखा आणि मुरलेला, दोघांच्या 'एक तास ओझे वाहिले' या नोंदीचा अर्थ एकच नसतो.

मोजतात कसे?

शरीरात अन्न जळायचे तर प्राणवायू लागतो. एक लिटर प्राणवायू वापरला गेला की साधारण ५ उष्मांक मोकळे होतात. म्हणून श्वासातल्या प्राणवायूचा हिशेब ठेवला की खर्चाचा हिशेब मिळतो. ही वाट लाव्हाझिएने दाखवली. १७९० च्या सुमारास त्याने आपला सहकारी सेगँ यालाच प्रयोगाला बसवले आणि श्रम करताना प्राणवायूचा वापर वाढतो हे दाखवून दिले. पुढे विसाव्या शतकाच्या मध्याला पाठीवर बांधता येण्याजोगी छोटी श्वासमापक यंत्रे आली आणि प्रयोगशाळेतली मोजणी खाणीत, शेतात, कारखान्यात जाऊन पोचली.

यांपैकी एका पाहणीचे आकडे मुळातून पाहण्यासारखे आहेत. १९५२ साली स्कॉटलंडमधील फाइफ येथे कोळसा खाणीतले कामगार आणि खाणीच्याच कचेरीतले कारकून यांचा अभ्यास झाला. दिवसभर कोण काय करतो हे मिनिटामिनिटाने टिपले गेले आणि निरनिराळ्या कामांचा खर्च मोजला गेला. खाणकामगाराचा दिवसाचा सरासरी खर्च भरला ३,६६० उष्मांक, कारकुनाचा २,८००. आता त्याची फोड पाहा. झोपेत कामगाराचे ४९०, कारकुनाचे ५००. कामाबाहेरच्या वेळात कामगाराचे १,४२०, कारकुनाचे १,४१०. आणि प्रत्यक्ष कामावर? कामगाराचे १,७५०, कारकुनाचे ८९०. दिवसाच्या खर्चात ८६० उष्मांकांचा जो फरक आहे तो सगळाच्या सगळा कामातला. घरी गेल्यावर दोघेही सारखेच.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. ऊर्जेच्या जमाखर्चात कष्टाचे काम पूर्णपणे धरावे लागते. कुदळ मजुरीसाठी चालली की अंगणातल्या बागेसाठी, स्नायूला त्याचा पत्ता नसतो. हौसेचा घाम आणि पोटासाठीचा घाम यांत एटीपी भेद करत नाही.

आकडे कुठे फसवतात?

धरावे लागते, पण कसे? इथे गोंधळ होतो, आणि तो बहुधा जास्तीच्या बाजूने होतो.

निरनिराळ्या कामांचा खर्च सांगायला 'मेट' नावाचे एक सोयीचे एकक वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे १ मेट. हा दर किलो वजनामागे दर तासाला जवळपास १ उष्मांक असतो. म्हणजे ६५ किलोचा माणूस नुसता बसून तासाला ६५ उष्मांक वापरतो. साधे चालणे ३ ते ३.५ मेट, झाडझूड ३ च्या वर, जड ओझी वाहणे ७-८ मेट, असे तक्ते आता सहज मिळतात.

समजा, आपल्या हमालाने (किंवा त्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने त्याच्यासाठी) तक्त्यातून ८ मेट हा आकडा घेतला आणि ८ तासांनी गुणले. ८ × ६५ × ८ बरोबर ४,१६०. उरलेल्या १६ तासांचे हजारबाराशे मिळवले की बेरीज पाच हजारांच्या वर जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली जाहीर केलेल्या शिफारशींत ६५ किलो वजनाच्या, जड काम करणाऱ्या पुरुषाची दिवसाची गरज ३,४७० उष्मांक धरली आहे. मग हे जादा दीड-दोन हजार आले कुठून? ते आले आठ तास अखंड पोती वाहिली या समजुतीतून. प्रत्यक्षात गाडी येण्याची वाट असते, काटा होतो, बिडी-चहा होतो, रिकामे परतणे असते. तक्त्यातला आकडा ओझे पाठीवर असलेल्या मिनिटांचा आहे, हजेरीच्या तासांचा नाही.

दुसरी चूक दुहेरी नोंदीची. अ‍ॅप सुरुवातीलाच विचारते: तुमचे काम बैठे, मध्यम की जड? 'जड' म्हटले की त्याने दिवसाची गरज वाढवूनच धरलेली असते. वरील शिफारशींत बैठ्या पुरुषाला २,११० आणि जड काम करणाऱ्याला ३,४७० असे आकडे आहेत. मधले १,३६० उष्मांक हीच त्या कामाची मजुरी. नंतर संध्याकाळी 'व्यायाम' या रकान्यात पुन्हा 'पोती वाहिली, ६ तास' असे लिहिले की तीच मजुरी दोनदा उचलली गेली. दोन पद्धतींपैकी कोणतीही चालेल: एकतर 'बैठे' निवडून सगळी कामे एकेक करून लिहा, नाहीतर 'जड' निवडून रोजचे काम विसरा आणि त्याखेरीजचे जे केले तेवढेच लिहा. सराव म्हणून घाटाला पळत गेलात तर ते वेगळे लिहा, पोती नकोत.

तिसरी चूक बारीक आहे, पण शिक्षकांच्या बाबतीत हीच जास्त घडते. ६५ किलोच्या माणसाने तासभर झपाझप चालून ४ मेटने २६० उष्मांक 'जाळले' असे यंत्र दाखवते. पण तो तास खुर्चीत घालवला असता तरी ६५ गेलेच असते. चालण्याची खरी कमाई १९५. एका भाकरीएवढीही नाही. तीन जिने सहा वेळा चढल्याचा हिशेब तर याहून निराशाजनक निघतो. तो मुलांकडूनच करवून घ्या.

शरीर हिशेब बदलते

इतके करूनही बेरीज जुळेलच असे नाही, कारण शरीर हे मुकाट्याने पैसे देणारे खाते नव्हे. टांझानियातील हाडझा हे लोक आजही पुष्कळ अंशी शिकार आणि कंदमुळे यांवर जगतात. रोज मैलोगणती चालतात, खणतात, चढतात. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा एकूण खर्च समस्थानिकांनी खूण केलेले पाणी पाजून मोजला. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष धक्कादायक होता: शरीराचे आकारमान लक्षात घेतले की हाडझांचा दिवसाचा एकूण खर्च अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या बैठ्या लोकांपेक्षा वेगळा भरला नाही. पाँट्झर यांचे म्हणणे असे की वर्षानुवर्षे श्रम करणारे शरीर इतर ठिकाणची उधळपट्टी कमी करते. ही काटकसर किती आणि कुठे होते यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, आणि फाइफचे खाणकामगार या चित्रात सहजासहजी बसत नाहीत. तरी एवढे खरे, की कष्ट वाढले तेवढाच खर्च वाढला असे सरळ गणित मांडणे धोक्याचे आहे.

खर्चाबरोबर भूकही बदलते. याचा गाजलेला अभ्यास आपल्या देशातला आहे. कलकत्त्याजवळ चेंगाइल येथील ताग गिरणीत जाँ मायर, रॉय आणि मित्र यांनी दोनशेहून अधिक पुरुषांचे काम, खाणे आणि वजन यांची नोंद केली. तो निबंध १९५६ सालचा. एका टोकाला दिवसभर दुकानात बसणारे, मग कारकून, मग यंत्रावरचे, आणि दुसऱ्या टोकाला गाठोडी वाहणारे मजूर. हलक्या कामापासून अतिजड कामापर्यंत आहार कामाबरोबर चढत गेला आणि वजन साधारण तेच राहिले. पण अगदी बैठ्या टोकाला गेल्यावर आहार कमी व्हायला हवा तो झालाच नाही, उलट वाढला, आणि वजनही वाढले. पुढे खाण्याच्या नोंदी कितपत अचूक होत्या यावर शंका घेतली गेली. माझ्या मते तरीही हा निबंध आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवा होता.

आणि हृदयाच्या दृष्टीने?

उष्मांकांचा हिशेब वेगळा आणि प्रकृतीचा वेगळा. डॉक्टर 'व्यायाम करता का?' विचारतात तेव्हा ते उष्मांक विचारत नसतात. हृदय आणि फुप्फुसे यांना अधूनमधून जोराचे काम मिळते का, हे विचारत असतात.

या प्रश्नाची सुरुवातही नोकरीपासूनच झाली. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत चालक दिवसभर बसून, तर कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवले की कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी होते. १९५६ साली याच मंडळींनी गणवेशाच्या नोंदी तपासल्या, तर चालकांच्या विजारींची कंबर तरुण वयापासूनच मोठी! म्हणजे कामाने माणूस घडला की माणूस पाहून काम ठरले, ही शंका उभी राहिली. ज्यांना शास्त्रीय पद्धत शिकवायची आहे त्यांनी ही जोडी वर्गात अवश्य सांगावी.

त्यानंतरच्या अर्धशतकात चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले. आंद्रेआस होल्टरमान आणि सहकाऱ्यांनी कोपनहेगनमधील एक लाखाहून अधिक प्रौढांची माहिती तपासून २०२१ साली लिहिले की फावल्या वेळातली हालचाल जितकी जास्त तितके हृदयविकार व मृत्यू कमी, पण नोकरीतले शारीरिक कष्ट जितके जास्त तितके ते अधिक. एकाच शरीराची हालचाल, परिणाम उलटे. कारणे काय असावीत? व्यायाम अर्धा-पाऊण तासाचा, दमल्यावर थांबता येण्याजोगा, आणि मागोमाग विश्रांती असलेला. मजुरीचे काम तासन्‌तास, मधल्या वेगाने, नको वाटले तरी चालू. ओझे धरून ठेवताना रक्तदाब चढतो तो उतरायला उसंत मिळत नाही. उद्या पुन्हा तेच. अर्थात गरिबी, धूर, तंबाखू, उशिरा मिळणारे उपचार हे सारे कष्टकऱ्यांच्या वाट्याला अधिक येते, आणि संख्याशास्त्राने हे सगळे धुऊन काढता येते असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे नोकरीतली, घरकामातली आणि जाण्यायेण्यातली हालचालही मोजतात, ते बरोबरच आहे. बैठ्या माणसाला जिन्याचाही उपयोग होतो.

म्हणून शेतकऱ्याचे उत्तर आणि डॉक्टरांचा प्रश्न एकमेकांना चुकतात. दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईला सकाळी उठून तासभर चालायला सांगणे म्हणजे थकल्या बैलाला शर्यतीत धरणे. तिला आधी लागेल ते अन्न, विसावा, आणि पाठीला व खांद्यांना थोडा ताण. वर सांगितलेले १,३६० उष्मांक म्हणजे पाच-सहा जादा भाकऱ्या. स्त्रियांचे याच शिफारशींतले आकडे बैठ्या कामाला १,६६० आणि जड कामाला २,७२० आहेत. फरक चार भाकऱ्यांहून अधिक. हे पानात रोज पडत नसेल तर शरीर ते स्वतःच्या मांसातून काढते. तिथे 'जाळलेले उष्मांक' ही मिरवण्याची गोष्ट राहत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

मुलांच्या जोड्या करा. आधी बसून एका मिनिटाची नाडी मोजा. मग एकाने पाण्याने भरलेली बाटली हात समोर ताठ धरून, न हलता, दोन मिनिटे धरावी आणि लगेच नाडी मोजावी. पाच मिनिटांच्या विश्रांतीनंतर तेवढाच वेळ मैदानात भरभर चालावे, पुन्हा मोजावे. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलांनी नुसती नोंद ठेवावी. बाटली धरणाऱ्याचा हात थरथरू लागला की अ‍ॅक्टिन-मायोसिन वेगळे समजावावे लागत नाही.

दुसरा उपक्रम एका दिवसाच्या नोंदीचा. फाइफच्या संशोधकांनी मिनिटे मोजली. मुलांनी पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने करावेत आणि घरातल्या एका मोठ्या माणसाचा सुट्टीचा नसलेला दिवस भरावा: बसणे, उभे राहणे, चालणे, ओझे, झोप. आईचा दिवस निवडणाऱ्यांचे रकाने सहसा कमी पडतात, कारण ती एका वेळी दोन कामे करत असते. तेव्हा जड असेल ते लिहावे. नंतर मेटचा तक्ता देऊन बेरीज करायला सांगावी. मात्र त्या शेजारी 'काय खाल्ले' हा रकाना ठेवू नये, आणि कोणाची बेरीज वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नये. वह्या गोळा करून शिक्षकांनीच पाहाव्यात. एखाद्या वहीत पहाटे पाचचे पाणी आणि शाळेआधीचा शेतातला तास मुलाच्याच नावावर लिहिलेला आढळला, तर पहिल्या तासाला तो डुलक्या का घेतो ते समजेल, आणि त्या आठवड्यात खेळाच्या तासाला त्याला मैदानाच्या चार फेऱ्या मारायला लावायचे की नाही, तेही ठरवता येईल.